डिचोलीत पहिला फ्लॅट, कागदं दोडामार्गची: घराच्या करातली सवलत कुठे मिळाली आणि कुठे नाही

गोव्यात बाहेरून येऊन पहिलं घर घेणाऱ्या माणसाला घरपट्टीत सूट मिळते असं कोणीतरी कोणालातरी सांगतं आणि मग ते दोडामार्ग, सावंतवाडी, चंदगड, खानापूर सगळीकडे पसरतं. आधी उत्तरच सांगतो, अशी सूट नाही. नगरपालिकेची घरपट्टी १९६८ च्या गोवा नगरपालिका कायद्याखाली लागते, पंचायतीची १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याखाली, आणि दोन्हीकडे घर बघितलं जातं, म्हणजे किती मोठं आहे, कुठे आहे, राहायला आहे की दुकानाला. मालक कुठून आला आणि त्याचं हे कितवं घर हे तिथे कोणी विचारत नाही. म्हणून सूट नाही, पण म्हणूनच "भायल्यांका डबल घरपट्टी" (बाहेरच्यांना दुप्पट) हेही खोटं.

मग पहिल्या घराला काहीच मिळत नाही का, तर मिळतं, पण ते घरपट्टीत नाही, दुसरीकडे आहे आणि बाहेरून आलेला माणूस नेमका तिथेच अडकतो. कायदा त्याला परका मानतो म्हणून नाही, त्याची कागदं दोन राज्यांत विभागलेली असतात म्हणून. हे एका जोडप्याच्या प्रकरणावरून सविस्तर लिहितोय. नावं देत नाही. मी उत्तर गोव्यातल्या डिचोलीत लोकांचे अर्ज, रिटर्न, लोनचे कागद अशी कामं करतो, तिथे ती दोघं आली होती.

नवरा महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यातला, तिलारीच्या बाजूचा. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कायम नोकरीला, पगार महिना ४६ हजार. बायको कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडची, डिचोली बाजारात शिवणकामाच्या दुकानात जाते आणि घरीही कपडे शिवते, तिचे महिन्याला पंधरा हजार धरा. एक मुलगी, मराठी शाळेत. कितीतरी वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली आणि दर अकरा महिन्यांनी करार नवीन करायचा, घरमालक भाडं वाढवणार की खोलीच खाली करायला सांगणार ही धाकधूक कायमची. पोरीची शाळा बदलायला लागू नये एवढ्यासाठी त्यांना आपलं घर पाहिजे होतं, आणि माझ्या मते घर घ्यायला याहून चांगलं कारण नसतं.

दोन फ्लॅट बघितले होते. एक शहराबाहेर एका पंचायतीच्या हद्दीत, २८ लाख. दुसरा डिचोली नगरपालिकेच्या हद्दीत, तेवढाच, वन बीएचके, २९ लाख. दोन्ही बांधून तयार, ओसी म्हणजे राहायला परवानगीचा दाखला आलेली, त्यामुळे जीएसटीचा प्रश्नच नव्हता (बांधकाम चालू असताना घेतला असता तर ४५ लाखांच्या आतल्या छोट्या घराला १ टक्का लागला असता, हे लक्षात ठेवा, कारण ओसी आली की तोही लागत नाही). साहजिकच पहिला स्वस्त म्हणून त्याच्यावर मन बसलेलं आणि टोकन द्यायची तयारी चाललेली. त्यात एक एजंट भेटला, तो म्हणाला की परप्रांतीयांच्या पहिल्या घराला घरपट्टी अर्धी होते, मी करून देतो, आठ हजार द्या. ते विचारायलाच ती दोघं माझ्याकडे आली होती.

एजंटचं दोन मिनिटांत संपलं. मी म्हटलं, कुठल्या कायद्याखाली, कुठल्या कलमाखाली ते त्याच्याकडून लिहून आणा. तो परत फोनवर आलाच नाही. पण त्यांच्या मनात ते का बसलं हे समजण्यासारखं आहे. महाराष्ट्रात अशा गोष्टी खरंच आहेत. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ झाला. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत आहे, ती मध्ये काढली होती, २०२३ मध्ये परत आली. बायकोच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का कमी, हे २०२१ पासून. त्यांचे नातेवाईक पुण्या-मुंबईत, तिथलं ऐकायचं आणि गोव्यातही असणार असं धरायचं. पण घरपट्टी प्रत्येक ठिकाणची वेगळी, तिथली सवलत राज्याची सीमा ओलांडून येत नाही. आणि नीट बघा, या तिन्हींपैकी एकही सवलत स्थलांतरितांसाठी नाहीच. एक घराच्या आकाराला आहे, एक स्वतः राहण्याला, एक बाईच्या मालकीला.

मग आम्ही बसून एकेक खरी सवलत घेतली.

आयकर आधी, कारण सगळ्यांना तेच पहिलं आठवतं. नवऱ्याने व्हिडिओत बघितलेलं की पहिल्या घराच्या व्याजावर दीड लाख जास्तीचे वजा होतात. ते कलम ८०ईईए, १९६१ च्या आयकर कायद्यातलं, आणि ते फक्त १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ मध्ये मंजूर झालेल्या लोनला होतं. त्याच्या आधीचं ८०ईई, ५० हजारांचं, ते तर २०१६-१७ या एकाच वर्षातल्या लोनचं. म्हणजे नवीन लोनवाल्याला दोन्ही बंद. राहिलं त्याच १९६१ च्या कायद्यातल्या कलम २४ मधलं दोन लाखांपर्यंतचं व्याज आणि ८०सी मध्ये मुद्दल, स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन मिळून दीड लाखाची मर्यादा. हे दोन्ही जुन्या कर पद्धतीतच चालतं. आता त्याचा हिशोब बघा, वर्षाचा पगार ५ लाख ५२ हजार. नव्या पद्धतीत २०२४-२५ ला सात लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे कर माफ, २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंत. त्याचा कर तसाही शून्य. जुन्या पद्धतीतही ५० हजार स्टँडर्ड डिडक्शन आणि पीएफ वजा केला की पाच लाखांच्या खाली येतो, तिथेही शून्य. बायकोचा तर प्रश्नच नाही. म्हणजे ज्या सवलतीची सगळ्यात जास्त जाहिरात होते ती या कुटुंबाला एका रुपयाची नाही. ज्याला करच नाही त्याला करातली सूट काय देणार, आणि पहिलं घर घेणारे बहुतेक असेच कमी पगाराचे असतात, हे मला मनापासून खटकतं.

कामावरच्या एका गोंयकार, म्हणजे मूळ गोव्याच्या मित्राने त्याला सांगितलेलं की गोव्यात घर घेतलं की रिटर्नमध्ये आयकर कायद्याचं कलम ५ए भर, नवरा-बायकोत अर्धं अर्धं होतं. ते गोव्याच्या पोर्तुगीज नागरी कायद्याखाली ज्यांचं लग्न येतं त्यांच्यासाठी आहे. गावी लग्न करून इथे राहायला आलेल्याला नुसतं गोव्यात राहिलं म्हणून ते लागत नाही. मात्र घर विकणारा गोंयकार असेल तर विक्रीच्या कागदावर नवरा आणि बायको दोघांच्या सह्या घ्या, हे त्याच कायद्यामुळे आणि हे बाहेरून आलेल्याने कधीच विसरू नये. इथे बिल्डरकडून घर होतं म्हणून तो विषय आला नाही.

स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन. गोव्यात त्यांच्या किमतीच्या घराला स्टॅम्प ड्युटी ३ टक्के आणि रजिस्ट्रेशन फीसुद्धा ३ टक्के. २९ लाखांवर ८७ हजार आणि ८७ हजार, मिळून १ लाख ७४ हजार. हा आकडा ऐकून ती दोघं गप्प झाली. महाराष्ट्रात रजिस्ट्रेशन एक टक्का आणि जास्तीत जास्त तीस हजार असतं, त्यांनी तेच धरून पैसे बाजूला ठेवलेले. तिकडचा स्टॅम्पचा दर वेगळा असतो हे खरं, पण माणूस खिशातले पैसे मोजून बसलेला असतो आणि पन्नास-साठ हजार कमी पडले की सोनं गहाण पडतं. बायकोने शेवटी पाटल्या ठेवल्याच. पहिल्या घराला या दोन फींमध्ये त्यांना काही सूट मिळाली नाही.

आणि मग खरी गोष्ट, प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.०, जी १ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली. तिच्यात व्याज सबसिडीचा भाग आहे. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, लोन २५ लाखांपर्यंत, कार्पेट एरिया १२० चौरस मीटरपर्यंत, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ९ लाखांपर्यंत. पहिल्या ८ लाखांच्या लोनवर ४ टक्के व्याजाची सबसिडी, सगळी मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वर्षांच्या पाच हप्त्यांत थेट लोन खात्यात. यांचं दोघांचं उत्पन्न ७ लाख ३२ हजार, लोन २१ लाख, बसत होतं. आणि यात पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला मागत नाहीत. गोवा सरकारच्या मदतीच्या योजनांत गृह आधार घ्या, दयानंद सामाजिक सुरक्षा घ्या, पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतंच, त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाला सवयच लागते की आपल्याला काही मिळणार नाही, आणि तो विचारायचंच सोडून देतो. ही केंद्राची योजना, आधारवर दोडामार्गचा पत्ता असला तरी चालतं.

पण दोन अटी आहेत आणि दोन्ही या प्रकरणात आडव्या आल्या.

पहिली अट जागेची. योजना शहरी आहे, म्हणजे घर कायद्याने शहर असलेल्या ठिकाणी पाहिजे किंवा अधिसूचित नियोजन क्षेत्रात पाहिजे. गोव्यात हे फसवं आहे. २०११ च्या जनगणनेत गोवा ६२ टक्के शहरी दाखवलाय, पण नगरपालिका आहेत १३ आणि पणजीची एक महानगरपालिका, बाकी १९१ पंचायती. चार-पाच मजली इमारती, बँका, सुपरमार्केट सगळं असलेला भाग कागदावर पंचायत असू शकतो. जनगणनेने त्याला शहर म्हटलं तरी तेवढ्याने तो या योजनेत येत नाही. त्यांचा २८ लाखांचा फ्लॅट नियोजन क्षेत्राच्या बाहेरच्या पंचायतीत होता, तो बसत नव्हता. २९ लाखांचा नगरपालिकेतला बसत होता. एक लाख जास्त आणि त्यावर स्टॅम्प-रजिस्ट्रेशनचे सहा हजार जास्त, समोर सबसिडी १ लाख ८० हजार, म्हणजे पाच वर्षांत ७४ हजारांपर्यंत फायदा. शिवाय तिचं दुकान चालत जाण्याच्या अंतरावर आणि पोरीची शाळा तीच. टोकन दिलं नव्हतं हे नशीब, नाहीतर हा पर्यायच उरला नसता.

दुसरी अट जास्त खोल गेली. कुटुंबातल्या कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. देशात कुठेही, हे शब्द बाहेरून आलेल्या माणसालाच टोचतात, कारण त्याचं गावचं घर असतंच. यांच्या गावी चिरेबंदी घर, वडिलांच्या नावावर, वडील हयात. वडिलांचं घर या व्याख्येत धरत नाहीत, तिथपर्यंत ठीक. पण नेमकं त्याच महिन्यात वडिलांच्या मनात आलं की आपण आहोत तोवर तिन्ही मुलगे घराला लावून टाकू, ग्रामपंचायतीत नमुना आठला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, नावं चढवू, मागाहून भांडणं नकोत. मोठ्या भावाने कागद तयारही केलेले. याने गावी जाऊन सांगितलं की माझं नाव आत्ता घालू नका. वडील म्हणाले, "म्हणजे तुका घरात वाटो नको?" हा म्हणाला, "बाबानू, तसा नाय, थयचो अर्ज होवंदे, मगे बघूया." वडील दोन दिवस बोलले नाहीत म्हणे. आईने समजूत काढली.

यावर कोणी म्हणेल की ही पळवाट झाली. मला तसं वाटत नाही. घर वडिलांचं आहे, ते त्यांच्याकडेच राहिलं, कोणी काही लपवलं नाही, कोणी खोटं शपथपत्र केलं नाही. नाव आधीच चढलेलं असतं आणि ते दडवून अर्ज केला असता तर मी त्यांचा कागद हातात घेतला नसता, कारण आधार जोडलेला असतो, पडताळणी होते आणि सबसिडी परत वसूल होऊ शकते. पण ही अट लिहिणाऱ्यांनी कोकणातलं घर बघायला हवं होतं. तीन भावांत एक घर, त्यातल्या एका खोलीचा वाटा, तोही गणपतीला चार दिवस झोपण्यापुरता, आणि त्याच्यामुळे डिचोलीत डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला पक्क्या घराचा मालक धरायचं, हे बरोबर नाही.

बायकोच्या बाजूचं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. मी विचारलं, माहेरी तुमचं नाव कुठे लागलंय का? ती म्हणाली, नाही, मी मुलगी. पण तिचे वडील वारलेले, आणि वडिलांच्या मागे मुलींचंही नाव वारस म्हणून लागतं. सातबारा काढला तर भावांबरोबर तिचं नाव होतंच, तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. सुदैवाने ती फक्त शेतजमीन होती. घर आईच्या नावावर, आईच्याच जागेत आईने बांधलेलं, आई हयात. बँकेतल्या माणसाला सातबारा बघून शंका आली, त्याने आधी अर्ज बाजूलाच ठेवला, मग ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आईच्या नावाचा आणून दिला आणि अट जमिनीची नाही, पक्क्या घराची आहे हे शांतपणे समजावलं तेव्हा पुढे गेला. त्या उताऱ्यासाठी तिच्या भावाला कामावर सुट्टी टाकून ग्रामपंचायतीत जावं लागलं. हेच तर म्हणतोय, डिचोलीत जन्मलेल्या माणसाला जो कागद तासाभरात मिळतो तो याला दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्या राज्यातून, नातेवाईकाच्या पाया पडून आणावा लागतो. सवलतीचा नियम दोघांना सारखा असतो, पण तिथपर्यंत पोचायचा खर्च सारखा नसतो.

घरपट्टीकडे परत येतो, कारण सूट नसली तरी तिथे पैसे वाचवता येतात. ओसी मिळाल्यापासून फ्लॅट विकला जाईपर्यंतची घरपट्टी बिल्डरने भरलेली नव्हती. रक्कम मोठी नव्हती, पण ती नव्या मालकाच्या डोक्यावर आली असती, कारण नाव बदलायला गेल्यावर आधी थकबाकी भरा असंच सांगतात. विक्रीखताच्या आधी थकबाकी नसल्याचा दाखला मागितला, बिल्डरने कुरकुर करून भरली. मग विक्रीखत झाल्यावर लगेच घरपट्टी दोघांच्या नावावर करायचा अर्ज, वापर निवासी असा स्पष्ट लिहून, कारण बायको घरी कपडे शिवते म्हणून कोणी व्यापारी लावायला नको. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, मालकी विक्रीखतानेच. पण वीज नावावर करायला, रेशन कार्डाला, मतदार यादीत पत्ता बदलायला पहिला कागद हाच मागतात, तेव्हा बाहेरून आलेल्या माणसाने तो पुढे ढकलू नये. पुष्कळ जण बिल्डरच्या नावावरच वर्षानुवर्षं भरत राहतात.

माझं स्वतःचं मत विचाराल तर स्थलांतरितांसाठी वेगळी घरपट्टी सूट मागूच नये. गोव्यात जमिनीवरून, बाहेरच्यांवरून लोकांची मनं आधीच दुखावलेली आहेत, आणि इथल्या माणसाचं दुःखही खरं आहे, त्याला त्याच्याच गावात घर परवडत नाही. कोट्यवधीचे बंगले घेऊन वर्षातून पंधरा दिवस येणारा आणि शिवणकाम करून हप्ता भरणारी ही बाई, दोघं बाहेरचेच, पण दोघांना एका मापात मोजायचं नसतं. मागायची तर पुण्यासारखी मागावी, जो स्वतः राहतो आणि ज्याचं एकच छोटं घर आहे त्याला घरपट्टी कमी, मग तो पिढ्यान्‌पिढ्या डिचोलीचा असो की दोडामार्गचा. त्यात बंद ठेवलेले बंगले आपोआप बाहेर पडतील आणि इथल्या तरुण जोडप्यालाही तेच मिळेल. पालिकेचं उत्पन्न घटेल हे खरं, ते बंद घरांवर आणि दुसऱ्या-तिसऱ्या घरांवर थोडं चढवून भरून काढता येईल. पालिका मंडळात आणि विधानसभेत बोलायचं तर हे बोलावं.

प्रकरण सध्या इथे आहे. विक्रीखत झालं, घर दोघांच्या नावावर, ईएमआय साडेअठरा हजारांच्या आसपास, सबसिडीचा अर्ज बँकेने घेतलाय आणि पडताळणी चालू आहे. घरपट्टी नावावर झाली, विजेचं बाकी आहे. नवऱ्याला सांगून ठेवलंय की बोनस आला की घाईने लोन फेडत सुटू नको, कारण सबसिडीचा प्रत्येक हप्ता येताना लोन चालू असावं लागतं आणि मुद्दलाचा अर्ध्याहून जास्त भाग बाकी असावा लागतो. आधी पाटल्या सोडवा, त्याचं व्याज जास्त आहे. पहिला हप्ता खात्यात दिसला की तो स्टेटमेंट घेऊन येणार आहे, तेव्हा विजेच्या अर्जाचंही बघू.